जवसावर पोसलेला रोहू

बाबुरावांनी पुन्हा ताट बाजूला सारलं, तेव्हा हिराने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग ताटाकडे आणि शेवटी स्वतःच्या हाताकडे. हात तोच होता. लग्न होऊन आल्यापासून याच हाताने ती माशाला हळद-मीठ लावत आली होती. मग बिघडलं कुठं?

"काय झालं जी? काटा लागला का?"

"काटा नाही," बाबुराव म्हणाले. "हा मासाच नाही."

"मग काय आहे? दोडका?"

बाबुराव भिंतीकडे तोंड करून खाटेवर आडवे झाले. एरवी दोडका म्हटल्यावर त्यांनी भांडत भांडत हिराच्या माहेरापर्यंत जाऊन परत यायला हवं होतं. माणूस चिडतसुद्धा नाही म्हटल्यावर हिरा खरी घाबरली.

हृदयाचं दुखणं काढून बाबुराव घरी आले होते. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की वजन फार उतरलंय, अंगात काही गेलं पाहिजे. तळलेलं बंद, तिखट बंद, पण मासा चालेल, नुसत्या हळद-मिठाच्या रश्श्यातला. हिराला वाटलं होतं, चला, सुटलो. दारात मासे, घरात मासे खाणारा माणूस, आणि डॉक्टरही मासेच खा म्हणतोय. औषध कुठं विकत आणायला नको. पण बाबुराव एक घास घ्यायचे, तोंडात फिरवायचे, आणि ताट सरकवायचे. मग वरणाचं पाणी प्यायचे. वरणाच्या पाण्यावर खाणीतला माणूस किती दिवस काढणार?

खाणीतला म्हणजे वाघोलीच्या दगडखाणीतला. हिरा आणि बाबुराव भंडाऱ्याकडचे, तलावांच्या मुलखातले. तिकडे शेत आहे की नाही हे विचारायच्या आधी तलाव कोणता असं विचारतात. हिराचा बाप तलावाचं पाणी शेतांना सोडायच्या कामावर होता, त्यामुळे पावसाळा सरता सरता मासे पकडायला माणसं उतरली की एखादा मासा त्यांच्या घरी हमखास यायचा. पुढे गावात काम उरलं नाही. एक ओळखीचा माणूस म्हणाला, पुण्याला दगड फोडायची माणसं पाहिजेत, तिकडे कंपन्या येणार आहेत, नुसत्या इमारतीच इमारती होणार आहेत. कसल्या कंपन्या ते त्यालाही माहीत नव्हतं. तरी ही दोघं आली. लहानगा धम्मदीप कडेवर, डोक्यावर भांडी, आणि त्या भांड्यांत जवसाच्या तेलाचा डबा, कापडाने तोंड बांधलेला.

त्या डब्यावरून बाबुरावांनी गाडीभर भांडण केलं होतं. "पुण्यात तेल मिळत नाही का?" हिरा म्हणाली होती, "मिळत असेल. आमचं नसेल."

आणि तसंच निघालं. पुण्यात शेंगदाण्याचं तेल होतं, करडईचं होतं, जवसाचं कोणी नावही काढत नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, ते सुताराच्या दुकानात मिळतं, लाकडाला लावायला. हिरा म्हणायची, "लावा तुम्ही लाकडाला. आम्ही पोटाला लावतो." दरवर्षी थंडी सरली की तिचा भाऊ गावाकडून जवसाचं पोतं पाठवायचा. तिकडे धान कापणीला यायच्या आधीच उभ्या पिकात जवस फेकून ठेवायची पद्धत. धान निघालं की मागून जवस वर यायचा, आणि थंडीत सगळ्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, निळ्या फुलांनी भरून जायच्या. सकाळी उघडायची ती फुलं, दुपारी गळून जायची. हिराला पुण्यात सगळं मिळालं, ती निळी सकाळ तेवढी मिळाली नाही.

बाजारापलीकडे एक तेलाचा घाणा होता. तिथे ती पोतं घेऊन जायची आणि तेल नि पेंड दोन्ही घेऊन यायची. तेल घरात, आणि पेंड माशांना.

मासे कसे आले तेही सांगायला पाहिजे. खाण खोल जाता जाता एका उन्हाळ्यात खाली झरा लागला. मालकाने पंप लावून पाहिले, पाणी हटेना. शेवटी त्याने ती खाण सोडून पलीकडची धरली, आणि बाबुरावांना रखवालदार करून तिथेच ठेवलं. कातळाच्या भिंती, मध्ये हिरवंगार पाणी. बाकीच्यांना ते पाणी भीतीदायक वाटायचं. हिराला ते रिकामं वाटायचं. एवढं पाणी, आणि आत कोणी नाही! हे तिला सहनच होईना. मालकाला विचारून तिने हडपसरकडून बोटुकली आणली, म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं, रोहू आणि कटला. जवसाची पेंड नि तांदळाचा कोंडा एकत्र मळून, भोकं पाडलेल्या पोत्यात भरायचा आणि पोतं बांबूला बांधून पाण्यात सोडायचं. मासे यायचे आणि भोकांतून टोचून टोचून खायचे. बांबू हलायला लागला की हिरा खूश. पाहुणे जेवायला बसल्यासारखी ती तिथे कडेला बसून राहायची.

त्या वर्षांतला मासा! हिरा तो जवसाच्या तेलात टाकायची, तेव्हा पलीकडच्या खडी फोडायच्या क्रशरवरची माणसं तोंडावरची फडकी सोडून वास घ्यायची. रखवाली सांभाळून बाबुराव पलीकडच्या खाणीतही दगड फोडायचे; भुकटीने पांढरे होऊन यायचे, हातपाय धुवायचे आणि थेट पाटावर. पहिल्या घासाला डोळे मिटायचे. डोळे मिटले की ते वाघोलीत नसायचे, हे हिराला माहीत होतं. ती पण त्यांच्याबरोबर जाऊन यायची.

मग दिवस पालटले. शेजारच्या खराडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या पायात आपल्याच खाणीचा दगड आहे असं बाबुराव येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. धम्मदीप शिकला आणि त्याच काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरवर बसायला लागला. गावाकडे भावाने जवस सोडला. आता कोण पेरतं, म्हणाला, मजूर मिळत नाही आणि यंत्राने कापणी झाली की खालचं जवसाचं कोवळं रोप चिरडून जातं. पोतं यायचं बंद झालं, घाणाही बंद झाला, तिथे मोबाइलचं दुकान आलं. हिराच्या घरात पिशवीतलं तेल आलं. सगळ्यांच्याच आलं.

हिराचे मासे मात्र नुसत्या कोंड्यावर चालले. खराडीच्या एका कंपनीच्या कॅन्टीनचा सुदर्शन तिच्याकडून मासे घ्यायला लागला. एकदा मासे पोचवायला गेली, तर मागच्या बाजूला एक माणूस डबेच्या डबे तेल गटारात ओतत होता. हिराच्या घरी लहानपणी डोक्याला तेल लावायचं तर आई तिच्या तळहातावर मोजून थेंब टाकायची. ती माशांची टोपली तिथेच ठेवून धावली.

"अहो, हे काय करता?"

"मावशी, तळणाचं आहे," सुदर्शन म्हणाला. "दोनदा तळलं की फेकायचं. कंपनीचा नियम आहे."

"नियम तुमच्या माणसांना. माझ्या माशांना नाही ना?"

सुदर्शनला काय, गटार तुंबायचं वाचलं. त्या दिवसापासून तळणाच्या तेलाचे डबे वाघोलीला यायला लागले. पाम तेल, सोयाबीन तेल, जे काय असेल ते. हिरा ते कोंड्यात ओतून गोळे मळायची. तेल म्हणजे ताकद, एवढं तिला पक्कं माहीत होतं. आणि मासे खरंच फुगले की! पोटाला चरबीचा हा एवढा थर. सुदर्शन म्हणायचा, "मावशी, तुमचा मासा म्हणजे लोणी. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो, बिघडत नाही." हिरा घरी येऊन सांगायची, "लोणी म्हणाला," आणि बाबुराव म्हणायचे, "मग पावाला लाव."

चव बदलली असेल तर तेव्हाच बदलली असणार. पण वर तिखट, मसाला, आलं-लसूण एवढं असायचं की खाली कोण आहे ते कळायला मार्ग नव्हता. दुखणं आलं, डॉक्टरांनी तिखट-मसाला काढून घेतला, आणि मासा एकटा उघडा पडला.

हे सगळं आता आपल्याला सरळ दिसतं. हिराला तेव्हा दिसत नव्हतं. तिला वाटत होतं, आपल्या हाताची चव गेली. म्हातारपणी जाते म्हणतात. आणि हात गेला तर या माणसाला जेवू कोण घालणार?

धम्मदीप रविवारी आला, तो कॅप्सूलची बाटली घेऊन. "आई, हे बाबांना दे. फिश ऑइल आहे, ओमेगा-थ्री. एक घेतली की डन."

हिराने एक गोळी उजेडात धरून पाहिली. "छान आहे. भातात कशी कालवायची?"

"आई, प्लीज. हे सप्लिमेंट आहे."

"मग जेवण कुठाय?"

त्याच सुमारास शैला मॅडम खाणीवर आल्या. त्या कॉलेजात मत्स्यशास्त्र शिकवायच्या आणि पाणी भरलेल्या खाणींतले मासे बघायला मुलांना घेऊन फिरत होत्या. मुलं कड्यावर उभी राहून फोटो काढत होती. मॅडम मात्र साडी खोचून पाण्यापाशी उतरल्या, म्हणून हिराला त्या आवडल्या. तिने चहा दिला आणि माशांचं खाणं दाखवलं. तेलाचे डबे तर अगदी कौतुकाने दाखवले.

मॅडमनी डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला, आणि झाकण पुन्हा लावलं.

"मावशी, हे किती वर्षं घालताय?"

"बरीच. फुकट मिळतं ना!"

"आणि आधी?"

"आधी आमच्या जवसाची पेंड."

मॅडमनी डबा दूर सरकवला. हिराला ते सरकवणं आवडलं नाही. तिने सरळ बाबुरावांचं सगळं सांगून टाकलं, आणि रश्श्याची वाटी पुढे केली. "तुम्हीच सांगा मॅडम. माझा हात गेला का? खरं सांगा, मी रडणार नाही."

मॅडमनी रस्सा चाखला, मासाही खाल्ला. "हाताला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "मला दोन मासे द्या. तपासून सांगते."

मग त्या परत आल्या, तेव्हा मुलं बरोबर नव्हती. ओसरीवर बसून त्यांनी समजावून सांगितलं. माशाच्या अंगातली चरबी तो थोडी स्वतः घडवतो, पण बरीचशी खाल्लेल्यातूनच उचलतो. त्याला जसं तेल घालाल, तशी त्याची चरबी. त्या चरबीचे जे बारीक घटक असतात, त्यांना मेदाम्लं म्हणतात, आणि प्रत्येक तेलातली मेदाम्लं वेगळी. जवसाची चरबी पातळ, थंडीतही न गोठणारी. धम्मदीपच्या बाटलीवर जे ओमेगा-थ्री लिहिलंय, त्याच घराण्यातलं एक जवसात असतं. सोयाबीनमध्ये जास्त करून दुसऱ्या घराण्यातलं. आणि पाम तेल घट्ट, थिजणारं. हिराच्या माशात निघालं ते बहुतेक तळणाचंच.

"म्हणजे मासा वाघोलीचा आणि चरबी खराडीची," हिरा म्हणाली.

मॅडम हसल्या. "तसंच म्हणा. आणि जळकं तेल माशाच्या यकृतालाही वाईट. ते तर बंदच करा."

"आमच्याकडे बाळंतिणीला जवसाचे लाडू घालतात. तिने खाल्लं की दुधातून लेकराला जातं. तसंच का हे?"

"बरंचसं तसंच. फक्त बाळंतिणीच्या दुधात लवकर उतरतं. माशाचं काम सावकाश. आधीची चरबी अंगात आहे ना, ती हळूहळू कमी व्हायची, नवी चढायची. दोन-तीन महिने तरी लागतील. आणि मावशी, एक सांगून ठेवते. जवस घातला म्हणून रोहू समुद्राचा मासा होणार नाही. समुद्रातल्या माशात जे तेल असतं, ते हा जवसातून घडवतो, पण थोडंसंच. शिवाय असा मासा टिकत नाही, फ्रीजमध्ये ठेवला की लवकर खवट होतो. कॅन्टीनवाला नाक मुरडेल."

"मुरडू दे. मला एका माणसापुरताच पाहिजे."

तेव्हा असं ठरलं, की खाणीच्या वर टँकर भरायचं जुनं सिमेंटचं टाकं आहे, त्यात थोडे रोहू वेगळे ठेवायचे. कोंडा, बाजारातली शेंगदाण्याची पेंड आणि त्यात चमचाभर जवसाचं तेल, रोज थोडं थोडं. मॅडम सांगून गेल्या. हिराने मान हलवली. पण मान हलवणं वेगळं. दोन-तीन महिने? बाबुरावांची हाडं शर्टातून दिसत होती. दोन-तीन महिने कोणाकडे आहेत?

बाळंतीण अशक्त असली तर घरातल्या बायका काय करतात? लाडू वाढवतात. हिराने तेच केलं. धम्मदीपकडून शहरातल्या दुकानातून जवसाच्या तेलाच्या बाटल्या मागवल्या. "आई, हे सॅलडवर घालतात," तो म्हणाला. ती म्हणाली, "हो, सॅलडच आहे." आणि संध्याकाळी टाक्याच्या कडेला उभी राहून तिने बाटल्यांमागून बाटल्या सरळ पाण्यात रिकाम्या केल्या. प्या रे बाळांनो. तेल पाण्यावर सोन्यासारखं पसरलं. वासाने तिचा जीव गावाला जाऊन आला.

सकाळी पाहते, तर सगळे मासे वर. तोंडं पाण्याबाहेर काढून आऽ आऽ करताहेत. दोन पोटं वर करून तरंगत होते.

"अजी!" हिरा अशी ओरडली, की खाटेवरचे बाबुराव उठून बसले. "अजी, धावा हो! मेले!"

धम्मदीप आदल्या दिवशीच राहायला आला होता. तो चड्डीवरच पळत सुटला. त्याच्या मागून, भिंत धरत, काठी टेकत बाबुराव आले. टाक्यात वाकून पाहिलं, बोटाने पाण्यावरची साय तोडली, नाकाला लावली. मग हिराकडे पाहिलं.

"काहून वो? मासे तळतेस का जिवंतच?"

कित्येक दिवसांत ते एवढं लांब वाक्य बोलले नव्हते.

"तुमच्यासाठीच केलं जी..."

"माझ्यासाठी! बाजूला हो. ए इंजिनियर, मोटर लाव! पाइप वर धर, वर! पाणी उंचावरून पडू दे, हवा जाऊ दे त्यात. तोंड काय बघतोस, की फोन करून विचारणार आहेस कोणाला?"

"बाबा, तुम्ही बसा ना, तुमचं हार्ट..."

"हार्ट गेलं उडत. पाइप!"

खालून खाणीचं पाणी धबाधब टाक्यात पडायला लागलं. टाकं भरून काठावरून वाहायला लागलं, तसा तेलाचा थर पण काठावरून खाली जायला लागला. उरलेल्यावर हिराने कोरडा कडबा पसरला, तेल प्यायलेला काढला, पुन्हा नवा टाकला. बाबुराव दगडावर बसून खाणीतल्या मुकादमासारखे ओरडत होते. डावीकडे टाक. अगं डावीकडे, ते उजवीकडे आहे. धम्मदीप चिंब भिजला होता, आणि त्याच्या पायावरून जवसाचं तेल निथळत होतं. ऊन वर आलं तसे मासे एकेक करून खाली जायला लागले. शेवटचं तोंड पाण्याखाली गेलं तेव्हा धम्मदीपने मोटर बंद केली.

गेलेले मासे हिराने बाजूला काढले. तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. तेवढ्यात मागून बाबुराव म्हणाले, "भात आहे का काही?"

हिराने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं तर म्हणणारा गप्प होईल अशी तिला भीती वाटली. तशीच आत गेली आणि वरण-भात वाढून आणला. बाबुरावांनी दगडावर बसूनच सगळा संपवला आणि ताट खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून टाकं बाबुरावांनी स्वतःच्या हातात घेतलं. "तुझ्या हातात बाटली द्यायची नाही," म्हणाले. सकाळी उठायचे, कोंडा-पेंड मळायचे, जवसाचं तेल चमच्याने मोजायचे. चमच्यातला शेवटचा थेंब बोटाने निपटून स्वतःच्या मिशीला लावायचे. गोळे पोत्यात भरून बांबूला बांधायचे आणि बांबू हलेपर्यंत तिथेच बसून राहायचे. मासा अजून हिराने त्यांच्या ताटात वाढला नव्हता. वरण-भात, भाजी-भाकरी जेवत होते, थोडं थोडं. धम्मदीप म्हणायचा, बाबांची भूक त्या दिवशीच्या ओरडण्याने उघडली, माशाचा काही संबंध नाही. तपासायला आलेल्या शैला मॅडम म्हणायच्या, कामाला लागले, तेच औषध. हिरा दोघांनाही चहा द्यायची आणि हो हो म्हणायची. पण मासा खाईपर्यंत तिचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. मासा खाल्ला तरच हा माणूस पूर्ण घरी आला, असं तिने मनात धरलं होतं.

थंडी पडली. एका सकाळी बाबुरावांनी आपणहून टाक्यातला एक रोहू काढून दिला आणि खाटेवर जाऊन बसले. हिराने हळद-मीठ लावलं, दुसरं काही नाही. रस्सा उकळला तेव्हा वर पातळ, पिवळे ठिपके तरंगले. तिने ताट नेऊन ठेवलं आणि दाराशी उभी राहिली, पदर तोंडात धरून.

बाबुरावांनी एक घास घेतला. तोंडात फिरवला. दुसरा घास घेतला. मग भात कालवला, बोटं चाटली, आणि काटे काढून ताटाच्या कडेला ओळीने लावायला लागले. खात राहिले. संपल्यावर ताटात इकडे-तिकडे काहीतरी शोधलं.

"डोकं कुठाय?"

"काय?"

"माशाचं डोकं वो. मला वाढलंच नाही."

हिराने पदर तोंडातून काढला. "डोकं मी खाल्लं, चुलीपाशी. तुमचा काय भरवसा? इतके दिवस ताटं ढकलत होता. डोकं वाया घालवू का मी?"

"घरच्या मोठ्या माणसाला डोकं देतात."

"मोठं माणूस मग मोठ्यासारखं जेवलं असतं."

"तुझ्या बापाने तरी कधी डोकं वाढलं होतं का कोणाला? तलावाचं पाणी सोडणारा आणि माशाच्या डोक्याला चिकट. सगळं खानदानच तसलं..."

बाबुराव चालू झाले ते चालूच राहिले. हिरा खरकटं काढत होती, भांडी घासत होती, आणि मधूनमधून एखादा शब्द टाकून त्यांना विझू देत नव्हती. दुपार कलली तरी माशाचं डोकं काही मिटलं नव्हतं. शेवटी बाबुराव दमले आणि म्हणाले, उद्या आणखी एक काढतो, पण डोकं आधी माझ्या ताटात पडलं पाहिजे. हिरा म्हणाली, बघू.